मानसशास्त्राचा इतिहास आणि समीक्षेची उसनवारी

मराठी समीक्षेचा मानसशास्त्राशी असलेला संबंध जुना आहे आणि तो बहुतांशी ऋणकोचा राहिला आहे. रससिद्धांताची फेरतपासणी असो, कादंबरीतील पात्रांचे विश्लेषण असो वा निर्मितिप्रक्रियेची मीमांसा असो, मानसशास्त्राने सिद्ध केलेले म्हणून काही निष्कर्ष उचलावेत आणि ते साहित्यकृतीला लावून पाहावेत, ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात एखादे गृहीतक दडले आहे याचीही जाणीव होत नाही. ते गृहीतक असे : साहित्य हा अर्थनिर्णयाचा, म्हणजे वादाचा प्रांत असून मानसशास्त्र हा वस्तुस्थितीचा प्रांत आहे, सबब पहिल्याने दुसऱ्याच्या जमिनीवर पाय रोवावेत. परंतु ही जमीन कशाची बनलेली आहे, ती केव्हा आणि कोणी भराव घालून तयार केली, याची चौकशी ऋणकोने सहसा केली नाही. ती चौकशी स्वतः मानसशास्त्राच्या घरातच सुरू झाली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर अमेरिकेत ‘मानसशास्त्राचा इतिहास आणि सिद्धांत’ या नावाने पदव्युत्तर अध्ययनाची जी शाखा आकाराला आली, तिचे साहित्यसमीक्षेला असलेले महत्त्व तपासणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या शाखेचा अभ्यासक मनाचा अभ्यास करीत नाही. मनाचा अभ्यास करणाऱ्यांनी काय केले, कोणत्या शब्दांत केले आणि त्या शब्दांमुळे त्यांना काय दिसले व काय दिसेनासे झाले, याचा तो अभ्यास करतो. ब्रिटिश इतिहासकार ग्रॅहम रिचर्ड्झ यांना हा भेद दाखवण्यासाठी इंग्रजीत एकच शब्द दोन प्रकारे लिहावा लागला : ज्ञानशाखा म्हणायची असेल तेव्हा मोठे आद्याक्षर, आणि तिचा विषय म्हणायचा असेल तेव्हा लहान. देवनागरीत अशी सोय नाही. पण मराठीला तिची गरजही नाही, कारण ‘मन’ आणि ‘मानसशास्त्र’ हे दोन वेगळे शब्द मराठीजवळ आधीपासूनच आहेत. भाषेने आयता दिलेला हा भेद समीक्षेने मात्र फारसा पाळला नाही.

आरंभीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९२९ मध्ये हार्वर्डचे एडविन बोरिंग यांनी प्रायोगिक मानसशास्त्राचा जो इतिहास लिहिला, त्यावर अमेरिकेतील मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या गेल्या. १९७९ मध्ये जॉन ओ’डॉनेल यांनी दाखवून दिले की, हा इतिहास लिहिण्यामागे तत्कालीन भांडण होते. उद्योग, शाळा आणि जाहिरातक्षेत्रात मागणी वाढलेल्या उपयोजित मानसशास्त्राला तोंड देताना ‘शुद्ध’ प्रयोगाची वंशावळ उभी करणे बोरिंग यांना आवश्यक वाटत होते. दरम्यान १९६५ मध्ये या विषयाचे स्वतंत्र नियतकालिक निघाले होते, १९६७ मध्ये रॉबर्ट वॉटसन यांनी न्यू हॅम्पशायर विद्यापीठात मानसशास्त्राच्या इतिहासात पीएच.डी. करण्याची सोय केली होती, आणि पुढे टोरोंटोच्या यॉर्क विद्यापीठात इतिहास व सिद्धांत यांची जोड घालणारे पदव्युत्तर अध्ययन उभे राहिले. ‘इतिहास’ या शब्दाला ‘सिद्धांत’ हा शब्द जोडला गेला, हे या घडामोडीतले खरे महत्त्वाचे पाऊल होय. नुसता इतिहास थोरामोठ्यांच्या तसबिरी लावून थांबू शकतो. सिद्धांताची जोड मिळाली की त्या तसबिरी कोणी लावल्या आणि कोणत्या काढून टाकल्या, हे विचारावे लागते.

काढून टाकलेल्या तसबिरींचे सर्वांत मोठे उदाहरण विल्हेल्म वुंट यांचे. १८७९ मध्ये लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापणारे वुंट हे मानसशास्त्राचे जनक, एवढे वाक्य प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. पण वुंट यांच्या मते प्रयोगाची धाव मर्यादित होती. संवेदन, अवधान यांसारख्या प्रक्रिया प्रयोगशाळेत आणता येतील. भाषा, मिथके, रूढी यांत प्रकट होणारे मन तेथे आणता येणार नाही, त्यासाठी वेगळ्या, ऐतिहासिक-तौलनिक पद्धतीची गरज आहे, अशी त्यांची धारणा होती. १९०० ते १९२० या काळात त्यांनी ‘फ्योल्करसायकोलोगी’चे दहा खंड लिहिले आणि त्यांचा आरंभ भाषेपासून केला. इंग्रजीतून जे वुंट जगापुढे आले त्यांतून हा अर्धा भाग जवळजवळ गळून पडला होता. १९७५ मध्ये आर्थर ब्लूमेंथल यांनी, आणि त्यानंतर कर्ट डँझिगर यांनी, हा वुंट पुन्हा उजेडात आणला. साहित्याच्या अभ्यासकाला याचे मोल वेगळे सांगायला नको. भाषेला आणि मिथकाला मनाच्या अभ्यासात मध्यवर्ती स्थान देणारे एक मानसशास्त्र या शास्त्राच्या पायाशीच होते. समीक्षेपर्यंत पोचले ते हे अंग छाटल्यानंतरचे मानसशास्त्र.

या शाखेची कामाची रीत साहित्याच्या अभ्यासकाला परकी वाटू नये. १९२० मध्ये जॉन वॉटसन व रोझाली रेनर यांनी एका तान्ह्या मुलावर केलेला भीतीविषयीचा प्रयोग प्रसिद्ध आहे. पांढऱ्या उंदराला न भिणारे मूल, उंदीर दिसताच पाठीमागे मोठा आवाज केल्यामुळे उंदरालाच भिऊ लागले, असा त्याचा सारांश. बेन हॅरिस यांनी १९७९ मध्ये मूळ अहवाल आणि नंतरच्या पाठ्यपुस्तकांतील कथने शेजारी ठेवून वाचली. मुलाला ज्यांची भीती वाटू लागली असे सांगितले जाते त्या वस्तूंची यादी पुस्तकागणिक बदलत गेलेली होती. काही लेखकांनी तर शेवटी मुलाची भीती घालवण्यात आली असा गोड शेवटही जोडला होता, जो मूळ अहवालात नाही. हे काम पाठचिकित्सेचे होय. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर पिढ्यान्‌पिढ्या परिश्रम करणाऱ्या भाषेतील अभ्यासकाला त्याची पद्धत कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. फक्त विज्ञानाच्या अहवालालाही पाठ असतो, प्रक्षेप असतात आणि संप्रदाय असतो, एवढे मान्य करावे लागते.

डँझिगर यांचे ‘कन्स्ट्रक्टिंग द सब्जेक्ट’ (१९९०) हे पुस्तक ही पद्धत आणखी खोलात नेते. प्रयोगाच्या अहवालात कोण बोलतो आणि कोणाविषयी बोलले जाते, हा त्यांचा प्रश्न आहे. कथनमीमांसेचा अभ्यासक नेमका हाच प्रश्न कादंबरीला विचारतो. लाइपझिगच्या प्रयोगशाळेत प्रयोग करणारा आणि प्रयोगाला सामोरा जाणारा या दोन भूमिका अदलाबदल होणाऱ्या होत्या. आज ज्याने घड्याळ धरले तो उद्या खुर्चीवर बसे. खुद्द वुंट हेही खुर्चीवर बसले होते. आपल्या संवेदनांचा वृत्तांत देणारा हा जाणकार सहकारी होता आणि अहवालात त्याचे नाव येई. याच सुमारास फ्रान्समध्ये संमोहनाच्या प्रयोगांत एका बाजूला डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला रुग्ण अशी कायमची विषम मांडणी रूढ होत होती. तिसरा प्रकार इंग्लंडमधला. १८८४ मध्ये लंडनच्या आरोग्यप्रदर्शनात फ्रान्सिस गॉल्टन यांनी एक दालन मांडले. तीन पेनी भरून कोणीही आत जावे आणि आपली दृष्टी, श्रवण, पकडीची ताकद मोजून घ्यावी. येथे माणसाला स्वतःच्या मनाविषयी काहीच सांगायचे नव्हते. हजारोंच्या रांगेत आपला क्रमांक कितवा, एवढेच त्याला कळायचे होते. विसाव्या शतकातील मानसशास्त्राने मुख्यतः हा तिसरा मार्ग पत्करला, कारण शाळा, सैन्य आणि कारखाने यांना माणसांची वर्गवारी हवी होती. नावाचा माणूस अहवालातून गेला आणि त्याच्या जागी सरासरी आली. एखाद्या कथेतील पात्राला ‘सामान्य’ किंवा ‘विकृत’ ठरवणारा समीक्षक कोणत्या दालनातली मोजपट्टी हातात घेऊन उभा आहे, हे यावरून ध्यानात यावे.

समीक्षेच्या दृष्टीने मात्र डँझिगर यांचे त्यानंतरचे पुस्तक अधिक मोलाचे आहे : ‘नेमिंग द माइंड’ (१९९७). त्याच्या मुळाशी एक अनुभव आहे. जर्मनीत जन्मलेले, दक्षिण आफ्रिकेत वाढलेले आणि १९६५ मध्ये तेथील वर्णद्वेषी राजवटीमुळे तो देश सोडून यॉर्क विद्यापीठात आलेले डँझिगर त्यापूर्वी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, इंडोनेशियात योग्यकर्ता येथील गाद्‌जाह मादा विद्यापीठात शिकवीत होते. तेथे गेल्यावर त्यांना आढळले की, एक स्थानिक सहकारी आधीपासूनच मानसशास्त्र शिकवीत आहे. पण ते पाश्चात्त्य नव्हे, तर हिंदू तत्त्वविचार आणि त्यावरील जावाच्या परंपरेतील भाष्ये यांवर आधारलेले. दोघांनी मिळून चर्चासत्र घ्यावे, एकच विषय दोन्ही बाजूंनी मांडावा, असा प्रस्ताव डँझिगर यांनी ठेवला. अडचण विषयांची यादी करतानाच आली. प्रेरणा, अध्ययन, बुद्धिमत्ता अशी एकेक नावे ते सुचवीत गेले आणि सहकारी प्रत्येक वेळी विचारात पडू लागला. या नावांखाली जे एकत्र बांधले आहे ते त्याच्या मते एकत्र बांधण्याजोगे नव्हतेच; त्यातले काही इकडचे, काही तिकडचे. त्याने सुचवलेल्या विषयांची डँझिगर यांच्या दृष्टीने तीच गत झाली. चर्चासत्र झाले नाही.

हे न झालेले चर्चासत्र या शाखेच्या इतिहासातली एक फलदायी घटना मानावी लागेल. दोन मानसशास्त्रे एकाच प्रश्नाची दोन उत्तरे देत नसून त्यांचे प्रश्नच वेगळे असतात, हे तिच्यातून स्पष्ट झाले. ‘नेमिंग द माइंड’मध्ये डँझिगर यांनी मग आपल्याच ज्ञानशाखेचे शब्द एकेक करून उलगडले. ‘मोटिव्हेशन’ हा शब्द मानसशास्त्राचे प्रकरणशीर्षक म्हणून मिरवू लागला तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि त्याच्या मागे माल खपवणारे, कामगारांकडून काम करून घेणारे आणि विद्यार्थ्यांना अभ्यासाला लावणारे यांचा व्यावहारिक प्रश्न होता : माणसांना हलवायचे कसे? भूक, महत्त्वाकांक्षा, देशभक्ती आणि पगारवाढीची इच्छा या सर्वांना एका शीर्षकाखाली आणण्याचे कारण निसर्गात नव्हते, व्यवस्थापनाच्या गरजेत होते. मराठीने त्यासाठी ‘प्रेरणा’ हा शब्द योजला. आणि कवीची प्रेरणा व कारखान्यातील कामगाराची प्रेरणा एकाच शब्दात आल्यामुळे निर्मितिप्रक्रियेवरील मराठी चर्चेत जो घोळ झाला, त्याचा हिशेब अजून व्हायचा आहे.

या दृष्टीने मराठीतील एका महत्त्वाच्या ग्रंथाकडे पुन्हा पाहणे इष्ट ठरेल. डॉ. के. ना. वाटवे यांचा ‘रसविमर्श’ १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. संस्कृत साहित्यशास्त्राचा अधिकारी अभ्यासक, विवेचनाची सचोटी आणि परंपरेला आधुनिक ज्ञानाच्या कसोटीवर उतरवण्याची तळमळ, या तिन्ही गोष्टी त्यात एकवटल्या आहेत. वाटव्यांपुढचा प्रश्न त्यांच्या पिढीचा होता. रससिद्धांत हा केवळ जुन्यांचा संकेत आहे की त्याला मानवी मनाच्या रचनेत आधार आहे? तो आधार त्यांनी विल्यम मॅक्डूगलप्रभृती मानसशास्त्रज्ञांच्या सहजप्रवृत्ती व भावना यांविषयीच्या विवेचनात शोधला. मॅक्डूगल यांच्या १९०८ च्या ग्रंथात प्रत्येक प्रमुख सहजप्रवृत्तीशी एकेक मूळ भावना जोडलेली आहे : पलायनाशी भीती, तिटकाऱ्याशी किळस, जिज्ञासेशी विस्मय, युयुत्सेशी क्रोध आणि अशा आणखी तीन जोड्या. भरताच्या आठ स्थायिभावांशी ही यादी ताडून पाहिली की भय, जुगुप्सा, विस्मय आणि क्रोध हे चार तत्काळ जुळतात. दोन हजार वर्षांचे अंतर ओलांडून होणाऱ्या या जुळणीचा मोह अभ्यासकाला पडला नसता तरच नवल.

उरलेल्या चारांपाशी अडचण सुरू होते. शोक हा मॅक्डूगल यांच्या मते मूळ भावनाच नव्हे, तो साधित होय. हास त्यांच्या मूळच्या सातांत नाही. उत्साहाला सरळ प्रतिरूप सापडत नाही, आणि रती त्या सातांपैकी एकाही भावनेत पूर्ण मावत नाही. अशा वेळी दोन वाटा असतात. जुळत नाही तेथे भरताची यादी दुरुस्त करावी ही एक, आणि जुळत नाही तेथेच दोन्ही याद्या काय मोजत आहेत हे विचारावे ही दुसरी. मानसशास्त्राला निकष मानल्यावर पहिली वाट अपरिहार्य होते. स्थायिभाव खरे किती, कोणता रस मानावा आणि कोणता नाकारावा, हा वाद मग साहित्याच्या अंगणातून मानसशास्त्राच्या दरबारात जातो.

आणि त्याच सुमारास त्या दरबारातली गादी बदललेली होती. नाइट डनलॅप यांनी १९१९ मध्येच सहजप्रवृत्ती नावाची वस्तू आहे काय, असा प्रश्न उपस्थित केला होता. १९२१ मध्ये बर्कली येथे शिकणाऱ्या झिंग-यांग कुओ या चिनी विद्यार्थ्याने ही कल्पना मानसशास्त्राने सोडूनच द्यावी असे प्रतिपादन केले. १९२४ मध्ये एल. एल. बर्नार्ड यांनी निरनिराळ्या लेखकांनी मानलेल्या सहजप्रवृत्तींची मोजदाद केली, तेव्हा ती हजारोंच्या घरात गेली; म्हणजे जेवढी वर्तने तेवढ्या प्रवृत्ती, असे व्हायची वेळ आली. खुद्द मॅक्डूगल यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात मानवाच्या बाबतीत जुना शब्द बाजूला ठेवून नवा शब्द स्वीकारला. ‘रसविमर्श’ वाचकांच्या हाती आला तेव्हा ज्या खांबाला रससिद्धांत टेकवला होता तो खांब त्याच्या मूळ इमारतीतून काढून घेतला गेला होता.

यात वाटव्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. शास्त्राच्या ताज्या वादांची खबर दूरदेशीच्या अभ्यासकाला उशिरा लागते, हे खरे आहे. पण मुद्दा उशिराचा नाही. वाटव्यांनी त्या वर्षीचे अगदी अद्ययावत मानसशास्त्र घेतले असते तरी आणखी वीस वर्षांनी तीच गोष्ट घडली असती. प्रश्न उसनवारीच्या स्वरूपाचा आहे. योग्यकर्त्याच्या त्या सहकाऱ्याने विचारला असता तो प्रश्न येथे कोणी विचारला नाही : ‘भाव’ या नावाखाली जे बांधले आहे ते आणि ‘इमोशन’ या नावाखाली जे बांधले आहे ते, एक आहे काय?

नाट्यशास्त्रातील एकोणपन्नास भावांची यादी पाहिली की उत्तर मिळते. आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक. व्यभिचारिभावांत असूया, व्रीडा, गर्व आहेत, तसेच निद्रा, व्याधी, अपस्मार आणि मरणही आहेत. मती आणि वितर्क हे तर सरळ बुद्धीचे व्यापार. सात्त्विकांत घाम, रोमांच, अश्रू आणि कापरा झालेला आवाज आहे. मरण ही भावना कशी, असा प्रश्न आधुनिक वाचकाला पडतो, आणि अनेक भाष्यकारांनी त्याची सारवासारव केली आहे. सारवासारवीची गरज ‘भाव’ म्हणजे ‘इमोशन’ असे धरल्यामुळेच निर्माण होते. भरतापुढे असलेला प्रश्न मनात काय असते हा नव्हता. रंगभूमीवर काय आणल्याने प्रेक्षकाप्रत रस पोचतो, हा होता. त्या प्रश्नाच्या दृष्टीने झोप, आजारपण, घाम आणि तर्क एकाच यादीत बसणे पूर्णतः सुसंगत आहे. ती नटाच्या आणि नाटककाराच्या कामाची यादी आहे.

दुसऱ्या बाजूची यादीही तितकीच ऐतिहासिक आहे. थॉमस डिक्सन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले आहे की, इंग्रजीत ‘इमोशन’ हा मनोव्यापारांचा एक स्वतंत्र वर्ग म्हणून स्थिरावला तो एकोणिसाव्या शतकात. एडिंबरोचे थॉमस ब्राउन यांच्या १८२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांचा त्यात मोठा वाटा होता. त्यापूर्वी ख्रिस्ती नीतिविचारात विकार आणि सद्भाव अशी वेगवेगळी दालने होती. एकाला आवरायचे, दुसऱ्याला जोपासायचे. ब्राउन यांच्या नंतर ती दालने मोडून सर्वांची एकच खोली झाली आणि तिच्यातून आत्मा, पाप, संकल्प हे शब्द बाहेर काढले गेले. मॅक्डूगल यांच्या हाती आली ती ही खोली, जेमतेम एका शतकाच्या वयाची. रससिद्धांताला जी चिरंतन मानवी प्रकृती म्हणून दाखवली गेली, ती वयाने भरताहूनच काय, एकनाथांहूनही कितीतरी लहान होती.

याच १९४२ साली बा. सी. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. एका वर्षाच्या अवधीत मराठी साहित्यात दोन भिन्न मानसशास्त्रे शेजारी येऊन बसली, आणि त्यांची एकमेकांशी गाठ कोणी घालून दिली नाही. कादंबरीच्या मागे उभी असलेली कल्पना विल्यम जेम्स यांच्याकडून आलेली. १८९० च्या ग्रंथात त्यांनी जाणिवेला प्रवाहाची उपमा दिली. १९१८ मध्ये मे सिंक्लेअर यांनी डॉरथी रिचर्डसन यांच्या कादंबऱ्यांविषयी लिहिताना ती वापरली, आणि एका शास्त्राची उपमा दुसऱ्या शास्त्रात तंत्राचे नाव होऊन बसली. मराठीने केलेला ‘संज्ञाप्रवाह’ हा शब्द आता रुळला आहे. पण ‘संज्ञा’ म्हणजे भान तशीच संज्ञा म्हणजे नाव, आणि बौद्धांच्या पंचस्कंधांत संज्ञा हा पाचांपैकी केवळ एक स्कंध, विज्ञानाहून वेगळा. जेम्स यांना प्रवाह अभिप्रेत होता तो नावे चिकटण्यापूर्वीच्या सलग अनुभवाचा. मराठी शब्दात मात्र नावच वाहते आहे. ही भाषांतराची चूक म्हणून सोडून देण्यापेक्षा, मराठी कादंबरीत जे वाहिले ते अनुभव होते की शब्द, असा प्रश्न या अनुषंगाने विचारणे अधिक लाभाचे होईल. मर्ढेकरांच्या बाबतीत तर तो अटळ आहे.

उसन्या शब्दांची आणखी एक गती असते. ते समीक्षेतून खाली उतरून घराघरांत जातात. आडलर यांच्या मानसशास्त्रातील कल्पनेसाठी घडवलेला ‘न्यूनगंड’ हा शब्द आज शाळेच्या पालकसभेतही ऐकू येतो. इयन हॅकिंग यांनी १९९५ मध्ये अशा वर्गनामांच्या परतफिरीचे विश्लेषण केले : माणसांना एक नाव मिळते, त्या नावाप्रमाणे ती स्वतःला ओळखू लागतात, वागू लागतात, आणि मग ते नाव ज्याचे वर्णन करीत होते तेच बदलून जाते. दगडाला ग्रॅनाइट म्हटल्याने दगड बदलत नाही. स्वातंत्र्योत्तर मराठी कथेत पात्रे स्वतःच आपल्या न्यूनगंडाविषयी बोलतात. लेखकाने तो शब्द वाचलेला असतो, पात्रानेही वाचलेला असतो. त्या पात्राला न्यूनगंड आहे असे निदान करणारा समीक्षक शोध लावत नसून पात्राचे बोलणे पुन्हा उच्चारत असतो. येथे विचारायला हवे ते हे की, हा शब्द हाती नसलेल्या काळातील पात्र, उदाहरणार्थ हरिभाऊ आपट्यांची यमू, आपले दुःख कोणत्या शब्दांत बांधते, आणि त्या शब्दांमुळे तिच्या दुःखाचा आकार कसा वेगळा होतो.

या शाखेविषयी दोन आक्षेप नोंदवणे भाग आहे. पहिला बहुधा मानसशास्त्रज्ञांकडूनच येतो : सर्व संज्ञा ऐतिहासिक ठरवल्या तर भय नावाचे खरोखर काही आहे की नाही? आक्षेप दिसतो तितका घातक नाही. सर्प पाहून माणूस मागे सरतो, हे कोणी नाकारत नाही. त्या मागे सरण्याला क्रोधाच्या आणि प्रेमाच्या शेजारी एका पंक्तीत बसवणारा वर्ग इतिहासातून आला, एवढेच म्हणणे आहे. तथापि या शाखेच्या काही अभ्यासकांचे लेखन वाचताना असे वाटते की शब्दाचा जन्म सांगितला की शब्द खोटा ठरतो, अशी त्यांची समजूत असावी. तसे नसते. ‘लोकशाही’ या शब्दालाही जन्म आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मानसशास्त्राची भाषा ऐतिहासिक आहे हे सिद्ध करणाऱ्या या शाखेचा स्वतःचा इतिहास मुख्यत्वे जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी पुस्तकांचाच राहिला. योग्यकर्त्याच्या सहकाऱ्याचे आक्षेप डँझिगर यांच्या पुस्तकाच्या आरंभी येतात. पण त्याचे मानसशास्त्र, त्याच्या प्रकरणांची यादी, त्याचे आधारग्रंथ हे त्या पुस्तकाचे विषय होत नाहीत. ज्याने दार उघडले तो उंबऱ्यावरच राहिला. भारतातही १९१६ पासून कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग होता. गिरींद्रशेखर बोस यांनी फ्रॉइडशी पत्रव्यवहार करीत त्याच्याशी मतभेदही नोंदवले होते, आणि १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली होती. बोस यांच्याविषयी आशिस नंदी यांनी लिहिले, भारतातील मानसशास्त्राचा वृत्तांत दुर्गानंद सिन्हा यांनी १९८६ मध्ये सांगितला. पण या इतिहासाची भाषा बहुशः इंग्रजीच राहिली. देशी भाषांनी मानसशास्त्रासाठी शब्द कसे घडवले, या विषयाला त्यात जागा अल्पच मिळाली.

तो विषय मराठी विभागांच्या हाती आहे. मराठीतील पीएच.डी.च्या प्रबंधांत अमुक लेखकाच्या कथांचा ‘मानसशास्त्रीय अभ्यास’ या शीर्षकाची वाण नाही. पहिल्या प्रकरणात फ्रॉइड, आडलर, युंग यांचा सारांश, पुढच्या प्रकरणांत त्यांचे उपयोजन, असा त्यांचा ठरलेला साचा आहे. साचा मोडायचा तर शीर्षक उलटे करावे लागेल. जाणीव, नेणीव, अबोध, गंड, वृत्ती, प्रवृत्ती, प्रेरणा, भावना, व्यक्तिमत्त्व : यांतील प्रत्येक शब्दाला मराठीत एक पूर्वायुष्य आहे. ‘जाणीव’ आणि ‘नेणीव’ हे शब्द संतांच्या गद्यपद्यात फ्रॉइडच्या कितीतरी आधी नांदत होते, आणि तेथे नेणीव म्हणजे दडपलेल्या वासनांचे तळघर नव्हते. ती कधी अज्ञान होती, तर कधी जाणतेपणाचा अभिमान गळाल्यावरची अवस्था. त्या शब्दावर ‘अनकॉन्शस’चा भार टाकला गेला तेव्हा कोणते अर्थ दबले आणि कोणते नव्या अर्थाखालून डोके वर काढत राहिले, हे शोधण्यासाठी अनुभवामृतही वाचावे लागेल, एकोणिसाव्या शतकातील शालेय पुस्तकेही चाळावी लागतील आणि भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांतील पर्यायांचाही माग काढावा लागेल. साहित्य, भाषाविज्ञान आणि मानसशास्त्र या तिन्ही विभागांच्या दारांशी असा प्रबंध गेला, तर तो आपला नव्हे असे तिन्ही दारांतून सांगितले जाण्याचा संभव आहे. न्यू हॅम्पशायर आणि टोरोंटो येथे मानसशास्त्राच्या विभागातच त्याला जागा करून दिली गेली होती. मराठीत ती जागा कोणत्या विभागाने द्यायची, हे अद्याप ठरलेले नाही.